खोक्यावर १४४, पडद्यावर ६०

‘अरे, टाक ना ते लिनक्स आता. विंडोज घाल आणि शांत झोप.’

रात्रीचे साडेबारा वाजले होते. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला सत्तावीस इंची मॉनिटर टेबलावर होता. ऑफिसच्या ग्रुपवर मी मदत मागितली आणि हे पहिलं उत्तर आलं. दुसरंही तेच. तिसरं एक मीम. माझा प्रश्न साधा होता: मॉनिटरच्या खोक्यावर १४४ हर्ट्झ लिहिलंय, माझ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ६०च्या वर पर्यायच दिसत नाही. का?

‘का’ या प्रश्नाचं उत्तर ‘टाकून दे’ हे असू शकत नाही. ग्रुपमध्ये वीस-बावीस जण आहेत, सगळे इंजिनिअर. त्यातल्या एकानेही ‘मॉनिटर कुठल्या पोर्टला लावलायस?’ एवढं विचारलं नाही. मला राग आला तो यामुळे. पुढच्या आठवडाभरात कळलं की हा राग फक्त मित्रांवर काढून भागणार नाही. तो बराच वरपर्यंत जातो.

आधी हे हर्ट्झ प्रकरण. पडदा एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवतो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. ६० असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र, १४४ असेल तर दर ७ मिलिसेकंदांनी. तुमच्या फोनला १२० हर्ट्झची सोय असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो एकदा ६०वर आणा आणि हेच पान वरखाली सरकवा. फरक बोटाला कळेल. मी दिवसाचे दहा तास कोड वर-खाली सरकवतो. ही चैन आहे, मान्य. पण पैसे मोजून घेतलेली चैन आहे.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मीसुद्धा लिनक्सलाच आरोपी धरलं होतं. त्या रात्री सगळे करतात तेच केलं. १४४ हर्ट्झचं टायमिंग काढलं, एक्सरँडर वापरून हाताने नवा मोड बनवला, तो मॉनिटरच्या यादीत घुसवला आणि एंटर दाबलं. एका ओळीचा नकार आला. आकडे बदलून पुन्हा. पुन्हा नकार. रात्री दोन वाजता, सगळे उपाय संपल्यावर, जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. कर्नलचा ग्राफिक्सविषयीचा तपशीलवार लॉग चालू केला, केबल काढून परत लावली आणि काय छापून येतंय ते वाचलं. मॉनिटरने आपण काय काय करू शकतो याची यादी व्यवस्थित पाठवली होती. त्यात १४४ होतं. पुढच्या ओळीत कर्नलने तो मोड नाकारला होता आणि कंसात दोन शब्दांत कारण दिलं होतं: क्लॉक हाय.

म्हणजे काय ते शाळेतल्या गुणाकाराने कळतं. २५६० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ३७ लाख ठिपके. ते सेकंदाला १४४ वेळा पाठवायचे म्हणजे ५३ कोटी. दोन चित्रांच्या मधली मोकळी जागा धरली की ५८ कोटींच्या वर. एचडीएमआय १.४ या जुन्या आवृत्तीच्या पोर्टची कमाल मर्यादा आहे सेकंदाला ३४ कोटी. ६० हर्ट्झला लागतात २४ कोटी, ते बसतात. १४४ बसत नाही. एचडीएमआय २.० असतं तर मर्यादा ६० कोटी, म्हणजे काठोकाठ बसलं असतं. माझ्या लॅपटॉपला कुठलं पोर्ट होतं? खोक्यावर लिहिलं होतं ‘एचडीएमआय’. वेबसाइटवर ‘एचडीएमआय’. कस्टमर केअरला फोन केला तर ‘सर, आम्ही लिनक्सला सपोर्ट देत नाही.’ दुरुस्ती करणाऱ्यांसाठीचं मॅन्युअल शोधून काढलं, तेव्हा त्यात एका कोष्टकात सापडलं: १.४.

अडुसष्ट हजारांच्या वस्तूबद्दलची ही माहिती मला विकणाऱ्याने दिली नाही, बनवणाऱ्याने दिली नाही. दिली ती त्या फुकटच्या, ‘टाकून दे’ म्हणवल्या जाणाऱ्या लिनक्सने.

आता पहिलं उत्तर देणाऱ्या मित्राची गोष्ट. त्याच्याकडे हाच लॅपटॉप आहे, विंडोजवाला. मॉनिटरही १४४ हर्ट्झचाच, माझ्या आधी आठ महिने घेतलेला. शनिवारी त्याच्याकडे चहाला गेलो आणि म्हटलं, जरा डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये बघू. तिथे लिहिलं होतं: ६०. यादी उघडली, तर ६०च्या वर काहीच नाही. लिनक्सने घेतला तोच निर्णय विंडोजने घेतला होता, गुपचूप. तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मला तर एकदम स्मूथ वाटत होतं रे.’

मी हसलो नाही. हसण्यासारखं काही नव्हतं. त्याने हजारो रुपये जास्त मोजून जी गोष्ट घेतली ती त्याला आठ महिने मिळालीच नव्हती, आणि मिळत नाहीये हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपण ज्याला ‘सुरळीत चालतं’ म्हणतो, ते पुष्कळदा ‘तक्रार ऐकू येत नाही’ एवढंच असतं.

माझा मुद्दा एवढाच आहे: ‘लिनक्सवर बाहेरचा मॉनिटर नीट चालत नाही’ या तक्रारींमधला मोठा भाग लिनक्सविषयी नसतोच. तो असतो खोक्यावरच्या अर्धवट माहितीविषयी. लिनक्स फक्त ती फसवणूक उघडी पाडतं, आणि निरोप आणणाऱ्यालाच आपण चोर ठरवतो.

यूएसबी-सीचंच बघा. एचडीएमआय पोर्टने दगा दिल्यावर मी कपाटातला यूएसबी-सी हब काढला. त्यावर ‘४के’ असं ठळक छापलंय. त्यानेही ६०च दिलं. कारण यूएसबी-सीच्या तारेत वेगवान डेटासाठी चार मार्गिका असतात. हबला पेनड्राइव्हही वेगाने चालवायचा असतो, म्हणून अनेक हब दोन मार्गिका डेटाला देतात आणि चित्राला दोनच उरतात. त्यापुढे हबच्या आत चित्राचं एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी चिप असते, तिची मर्यादा वेगळी. खोक्यावरचं ‘४के’ खोटं नाही. पण ते ४के कित्येकदा ३० हर्ट्झवर असतं, आणि तो ३० बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. शेवटी यूएसबी-सीमधून थेट डिस्प्लेपोर्टमध्ये जाणारी साधी केबल आणली, चारही मार्गिका चित्राला मिळाल्या आणि १४४ आलं. लिनक्समध्ये एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

नावांचा घोळ तर मुद्दाम घातल्यासारखा आहे. सेकंदाला ५ गिगाबिट वेगाचं यूएसबी आधी ‘३.०’ होतं, मग त्याचंच नाव ‘३.१ जेन १’ झालं, मग ‘३.२ जेन १’. वेग तोच, आकडा चढता. २०२१च्या डिसेंबरात एचडीएमआयच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या संस्थेने स्पष्ट केलं की २.० अशी वेगळी पायरी आता राहिलेली नाही. तिचं सगळं २.१मध्ये सामावलं गेलंय, आणि २.१मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. कुठल्या सोयी दिल्या ते उत्पादकाने सांगावं, अशी अपेक्षा आहे. पण ‘२.१’ हा आकडा वाचून तुम्ही ४८ गिगाबिटची कल्पना करत असाल, तर आत जुनं १८ गिगाबिटचंच पोर्ट असू शकतं, आणि ते नियमात बसतं.

इथवर निष्काळजीपणा म्हणता येईल. पुढची गोष्ट त्यापलीकडची आहे, आणि ती माझ्या टेबलापुरती नाही. एचडीएमआय २.१चं प्रमाणपत्रक नोव्हेंबर २०१७मध्ये आलं. ४के पडदा १२० हर्ट्झवर पूर्ण रंगांत चालवायचा तर त्यातली नवी सिग्नल पद्धत लागते. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचा लिनक्सवरचा ड्रायव्हर मुक्त आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचू शकतो. या ड्रायव्हरमध्ये २.१ आणण्यासाठी कंपनीच्या इंजिनिअरांनी काम केलं, एक्स.ऑर्ग फाउंडेशनला सोबत घेऊन एचडीएमआय फोरमशी बोलणी केली. फेब्रुवारी २०२४मध्ये उत्तर कळलं: फोरमने प्रस्ताव नाकारला. पत्रक गोपनीय, त्यामुळे त्यावर बेतलेला कोड उघड करायचा नाही.

याचा अर्थ नीट बघा. चिपमध्ये ताकद आहे. टीव्हीत आहे. केबलमध्ये आहे. तिन्हींचे पैसे ग्राहकाने मोजलेत. कोड लिहायला माणसं तयार आहेत. तरीही लिनक्सवाल्याला ते मिळालं नाही, कारण तार कशी बोलते ते सगळ्यांना कळेल अशा रीतीने लिहायला मनाई. डिस्प्लेपोर्टही काही संत नाही. त्याचं पत्रकही वेसा या संस्थेच्या सदस्यांनाच मिळतं. पण त्यावर मुक्त ड्रायव्हर लिहायला आडकाठी नाही, आणि म्हणून त्याच चिपवर, त्याच लिनक्सवर डिस्प्लेपोर्टने हे चालतं. हा तांत्रिक अडथळा असता तर दोन्हीकडे दिसला असता. दोष दिला जातो मात्र लिनक्सला, कारण पडद्यावर नाव त्याचं असतं.

आता माझ्या बाजूचं झाकून ठेवणार नाही. १४४ आल्यावर दुसरी कटकट सुरू झाली. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा ६०चा, शेजारचा १४४चा, आणि खिडकी सरकवली की मोठ्या पडद्यावर झटके. हा दोष कुठल्याही खोक्याचा नव्हता, आपल्या घरचा होता. एक्स११ ही व्यवस्था १९८७मधली. तिच्या लेखी दोन पडदे मिळून एकच मोठी पाटी असते, आणि वेगवेगळ्या गतीचे पडदे एकत्र नांदवणं तिला जड जातं. लॉगिनच्या वेळी वेलँड निवडलं आणि झटके थांबले. पण हे मला माहीत असायला हवं, अशी अपेक्षा धरणं हाही उद्धटपणाच आहे. नवख्याने विचारलं की ‘मॅन्युअल वाच’ म्हणून हाकलणारे लिनक्सवाले आणि ‘टाकून दे’ म्हणणारे विंडोजवाले, दोघंही एकच काम करतात: प्रश्न बंद पाडतात.

‘सामान्य माणसाला ६० आणि १४४मधला फरक कळत नाही, मग बिघडलं कुठे?’ हाही युक्तिवाद मी ऐकलाय. फरक कळत नसेल तर जास्त पैसे कशाचे घेतले? किलोभर कांद्यात शंभर ग्रॅम कमी भरले तर घरी गेल्यावर ते हाताला जाणवतीलच असं नाही. म्हणून तर काट्यावर शिक्का असतो. आपल्याकडे वैधमापनाचा २००९चा कायदा आहे. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर निव्वळ वजन छापावंच लागतं. अडुसष्ट हजारांच्या लॅपटॉपवर मात्र ‘एचडीएमआय’ एवढा शब्द पुरतो. हे म्हणजे पुड्यावर ‘बिस्किटं’ असं लिहून मोकळं होणं झालं.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक पोर्टसमोर, प्रत्येक हबवर आणि केबलवर एक ओळ छापा: कमाल किती ठिपके, सेकंदाला किती वेळा. आवृत्त्यांचे आकडे ठेवा तुमच्याकडे. आणि आमच्या घरातल्या तारा कुठल्या भाषेत बोलतात, ते पत्रक वाचायला खुलं करा.

तोवर तुमच्यावर ही वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. आधी पोर्ट, मग केबल, मग मधला हब, मग मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू, कारण काही मॉनिटर तिथे सोय चालू केल्याशिवाय पूर्ण गती देत नाहीत. त्यानंतर लॉग. सॉफ्टवेअर बदलण्याचा विचार सगळ्यात शेवटी. आणि ग्रुपवर कुणी विचारलं तर आधी एवढं तरी विचारा: कुठल्या पोर्टला लावलायस?

मित्राने परवा तशीच केबल मागवली. लावल्यावर लगेच फोटो पाठवला, सेटिंगमध्ये १४४. खाली लिहिलं होतं, ‘आता खरंच स्मूथ आहे.’ मग थोड्या वेळाने अजून एक मेसेज: ‘बाकी काय काय तपासायला पाहिजे रे?’