एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण आपण सर्वांनी शाळेत अर्थासह पाठ केलेली आहे. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात, मी आजोळी बुऱ्हाणपूरला जाऊन तिची परीक्षा घेतली. म्यान होते मामांच्या दुकानातला नऊ वर्षांचा जुना संगणक, आणि तलवारी होत्या विंडोज व लिनक्स. दोन्ही तलवारी आज तिथे नांदत आहेत. मात्र त्या खटाटोपात जे दृष्टीस पडले, ते वाणिज्य शाखेच्या माझ्या मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडच्या अनेकांना बुऱ्हाणपूर ठाऊक नसेल. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ गाठावे, तिथून खंडव्याकडे जाणारी गाडी धरावी, की रावेर मागे पडल्यावर तापीकाठचे हे गाव येते. नकाशात ते मध्य प्रदेशात आहे, २००३ पासून स्वतंत्र जिल्हाही आहे. पण आमच्या आजोळी घरात मराठी, पेठेत हिंदी आणि शेजारी उर्दू असा संसार चालतो. (आम्हा बेळगावकरांना यात नवल वाटू नये.) गाव यंत्रमागांचे. मामांचे सुताचे लहानसे दुकान आहे. सूत मागवाळ्यांना उधारीवर जाते, पैसे हप्त्याहप्त्याने येतात. त्यामुळे दुकानाचा खरा माल म्हणजे सूत नव्हे, तर येणेकऱ्यांची खातेवही. ती खातेवही त्या संगणकात, टॅलीत.

भाऊबिजेसाठी आई माहेरी निघाली, तिच्याबरोबर मीही गेले. पोहोचले तो मामा चिंतेत. दुरुस्तीवाल्याने सांगून ठेवले होते की विंडोज १० ‘संपले’, आता नवा संगणक घ्यावा लागणार. या ‘संपले’ शब्दात अर्धसत्य आहे. झाले होते ते असे : १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. घरगुती वापरणाऱ्यांना काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, इतकेच. त्या दिवशी यंत्र काही बंद पडत नाही. पण यापुढे भिंतीला भोक पडले तर ते बुजवायला कोणी येणार नाही, आणि अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे. विंडोज ११ वर जावे, तर कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. मामांचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा.

वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून मी लगेच घसारा काढून पाहिला. जून २०१६ मध्ये २८,००० रुपयांना घेतलेले यंत्र. पहिल्या वर्षी आयकराचा दर ६० टक्के, पुढे ४० टक्के. घटत्या शिल्लक पद्धतीने मार्च २०२५ अखेर त्याची लेखी किंमत निघते १८८ रुपये. आणि हे १८८ रुपयांचे यंत्र रोज सकाळी दहा वाजता निमूटपणे सुरू होऊन लाखोंची उधारी सांभाळत होते! घसारा शिकवताना पुस्तकाची किंमत आणि उपयोगाची किंमत वेगळ्या असतात असे सर सांगतात, ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने पटले.

मी म्हटले, “मामा, यात लिनक्स बसवू. विंडोज राहू द्या टॅलीपुरते, इंटरनेट त्यातून काढून टाकू. बँक, जीएसटी, ई-मेल सगळे लिनक्समधून करा.”

मामा म्हणाले, “अगं, चालत्या मागात हात घालू नये.”

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याला महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेला विवरणपत्रे भरायची असतात, त्याने भाचीच्या हौसेपायी दुकान पणाला का लावावे? शेवटी ठरले की भाऊबिजेनंतर दोन दिवस दुकान बंद आहे तेवढ्यात करायचे, आणि काही बिघडले तर मी मामांची वर्षभराची खाती पुन्हा हाताने चढवून द्यायची.

दोन प्रणाली एका यंत्रात ठेवणे म्हणजे वडिलोपार्जित घराची वाटणी करण्यासारखे आहे. हार्ड डिस्क हे घर. त्यात आजवर विंडोज एकटेच राहत होते. पाचशे जीबीच्या घरात त्याचा पसारा दीडशेचाही नव्हता. त्याला थोडे सरकायला लावायचे, मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्सचे बिऱ्हाड थाटायचे, आणि दारात ग्रब नावाचा दारवान बसवायचा. यंत्र सुरू होताच तो विचारतो : कोणाकडे जायचे? काही सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर यादीत जो पहिला असेल त्याच्याकडे नेऊन सोडतो. एका वेळी एकच भाऊ घरात. दुसऱ्याला भेटायचे तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. दोन्ही एकाच वेळी चालवण्याचीही युक्ती आहे, एका प्रणालीच्या पोटात दुसरी बसवण्याची. पण मामांच्या चार जीबीच्या यंत्राला ते बाळंतपण झेपले नसते.

वाटणीआधी मौल्यवान वस्तू बाहेर काढून ठेवाव्यात हा व्यवहार आहे. मी मामांना विचारले, “टॅलीचा बॅकअप घेता ना?” ते अभिमानाने म्हणाले, “दर शनिवारी! दोन वर्षांत एक शनिवार चुकला नाही.” आणि त्यांनी देव्हाऱ्याच्या खणातून एक पेन ड्राइव्ह काढून दिला. लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू वाहिलेले होते. पिवळे बोट अजून त्यावर दिसत होते.

मी तो दुसऱ्या संगणकाला लावला. आत टॅलीचे चित्र असलेली एकच फाइल होती. आकार तीन केबीसुद्धा नाही. क्षणभर मला कळेना. मग लक्षात आले आणि पोटात गोळा आला. पडद्यावर टॅली उघडण्यासाठी जो शॉर्टकट असतो, तो दर शनिवारी उचलून मामा पेन ड्राइव्हवर टाकीत होते. शॉर्टकट म्हणजे खातेवही नव्हे. खातेवही अमुक कपाटात आहे असे लिहिलेली चिठ्ठी. दोन वर्षे मामांनी चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती, आणि वही होती त्या एका नऊ वर्षांच्या हार्ड डिस्कवर.

मामांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून आले आणि म्हणाले, “आधी ती वही बाहेर काढ. बाकीचे नंतर.”

खरी वही टॅलीच्या डेटा फोल्डरात, एका आकड्याचे नाव असलेल्या फोल्डरमध्ये होती. ती दोन ठिकाणी उतरवली, एका प्रतीतून दुसऱ्या संगणकावर उघडून येणेकऱ्यांची बेरीज ताडून पाहिली, तेव्हा कुठे मामांनी चहा घेतला. बाकीच्या फायली, लग्नामुंजींचे फोटो वगैरे, बाहेरच्या डिस्कवर उतरायला दीड तास लागणार होता. तेवढ्यात आई आणि मी जामा मशीद पाहून आलो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी राजा आदिलशहाने ती बांधली. आत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरलेला आहे. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. वाचता त्यातले फारसे आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

पुढचे काम त्या मानाने सोपे. विंडोजमधला ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावा लागतो. नाहीतर विंडोज बंद केल्यावरही अर्धवट झोपेत असते आणि आपली कपाटे दुसऱ्याला नीट उघडू देत नाही. मग डिस्कचा शंभर जीबीचा भाग मोकळा केला. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून सुरू केले. बसवताना एक प्रश्न येतो : विंडोजच्या शेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून बसवू? दोन पर्याय एकाखाली एक असतात, त्यांत बोटभर अंतर. मी ती ओळ तीनदा वाचली. खाती जर त्या चिठ्ठीच्या भरवशावर असती, तर त्या बोटभर अंतरात मामांची सारी उधारी बुडाली असती.

तासाभरात लिनक्स उभे राहिले. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, ज्याचा आरंभ केला ती ही वस्तू. मी त्याच्याहून एक वर्षाने लहान, आणि माझी मजल फक्त ती बसवण्यापर्यंत. असो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये साडेअकराला घड्याळ सहा दाखवू लागले. यंत्रातल्या मूळ घड्याळाला विंडोज स्थानिक वेळ समजते, तर लिनक्स तिथे ग्रीनिचची वेळ लिहून ठेवते. साडेपाच तासांचा फरक तिथून येतो. लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली की मिटते. दुकानातला जुना प्रिंटर लिनक्सने ओळखलाच नाही, म्हणून छपाई अजून विंडोजमधून होते. आणि एक चूक सर्वस्वी माझी. दारवानाच्या यादीत लिनक्स पहिले ठेवूनच मी बेळगावला परतले. तिसऱ्या दिवशी मामांच्या दुकानातल्या मुलाने यंत्र सुरू करून झाडू हातात घेतला, दहा सेकंद उलटली, आणि पडद्यावर अनोळखी चित्र! “दीदी, टॅली गायब हो गई,” असा फोन आला. फोनवरून विंडोज पहिले करून दिले. जाण्याआधी हे करायला हवे होते.

आता माझे म्हणणे. लिनक्स फुकट आहे म्हणून ते घ्या, असा प्रचार मला करायचा नाही. केरळच्या सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर संगणक शिकवतात, आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली काढली, हे सर्व चांगलेच आहे. पण टॅली विंडोजवरची, आणि बाजारात नोकरी टॅलीवर मिळते. आपल्या या अंकाचेच पाहा ना : मराठी विभाग श्रीलिपीत जुळतो, कन्नड विभाग नुडीत, दोन्ही विंडोजच्या दुनियेतले. विंडोज टाकून द्या म्हणणारा पोरकटपणा करील.

माझे म्हणणे एवढेच की आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी टॅलीत व्हाउचर घालायला शिकतो, ताळेबंद काढायला शिकतो, आणि ती वही डिस्कवर कुठे असते हे आम्हाला कोणी विचारीत नाही. परत आल्यावर मी वर्गातल्या सात जणांना विचारले. डेटा फोल्डर दाखवू शकले दोघे. कीर्द आणि खतावणी लाल कापडात बांधून ठेवणाऱ्या मुनीमाला आपली वही कोणत्या पेटीत आहे हे तरी माहीत होते. दोन प्रणाली एकत्र बसवताना हे अज्ञान लपत नाही. डिस्क कापण्यापूर्वी तुमचे काय आणि यंत्राचे काय याचा हिशेब द्यावाच लागतो. तयार यंत्र वापरून हा धडा मिळत नाही.

आणखी एक लाभ आपल्या द्विभाषिक महाविद्यालयाला होण्यासारखा आहे. इन्स्क्रिप्ट हा सरकारी मान्यतेचा कळफलक दोन्ही प्रणालींत असतो. त्यात ज्या कळीवर मराठीचा ‘क’ आहे, त्याच कळीवर कन्नडचाही ‘क’. मी मराठी शाळेत शिकले. कन्नड बोलते, वाचते, पण टंकलेखन कधी केले नव्हते. लिनक्सवर कळफलक बदलला आणि पहिल्याच बैठकीत कन्नडमध्ये अर्धे पान लिहिले. कन्नड विभागातल्या मैत्रिणीने त्यात अकरा चुका काढल्या, पण त्या माझ्या व्याकरणाच्या होत्या, बोटांच्या नव्हत्या.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत काही जुने संगणक धूळ खात आहेत. निर्लेखनात जाणार असे ऐकते. प्राध्यापक मंडळींना विनंती अशी की त्यांतले दोन-तीन आमच्या हवाली करावेत. आम्ही त्यांची डिस्क कापू, दोन्ही प्रणाली बसवू, बिघडवू आणि पुन्हा बसवू. चालू यंत्रांना हात लावणार नाही. सरांपैकी एकांनी विचारले, “बिघडले तर जबाबदार कोण?” लेखी किंमत काढली तर नुकसान दोनशे रुपयांच्या आत बसते, ते आम्ही वर्गणी काढून भरू.

मामांचा फोन आता शनिवारी रात्री येतो. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचा आकार ते मला वाचून दाखवतात, आणि तो मागच्या शनिवारपेक्षा वाढला आहे ना, एवढे विचारून फोन ठेवतात.