परका घास, परके रान

प्रवासाने माणूस बहुश्रुत होतो, असे आपण परंपरेने मानत आलो आहोत. परंतु केवळ स्थळ बदलले म्हणजे दृष्टी बदलते असे नाही. परदेशात गेलेल्या माणसाची खरी कसोटी लागते ती दोन ठिकाणी : अनोळखी ताटासमोर आणि अनोळखी रानात.

दुर्ग-भिलाई परिसरातील पद्मनाभपुरासारख्या वस्त्यांतून अनेक मराठी घरांतील वडीलधारी मंडळी मुलांकडे, नातवंडांकडे परदेशी जातात. त्यांच्या सामानात लोणचे, मेतकूट, भाजणी असणे स्वाभाविक आहे. जिभेची सवय ही आयुष्यभराची असते, तिच्यावर रागावण्याचे कारण नाही. खटकते ती त्याबरोबर जाणारी एक अदृश्य शिदोरी : ‘आपले तेच अन्न, त्यांचे ते काहीतरी विचित्र’ हा आधीच ठरवून टाकलेला निवाडा.

हा निवाडा इतिहासाला धरून नाही. ज्या उपवासाच्या ताटाला आपण सर्वांत सोवळे मानतो, तेच पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही पदार्थ मूळचे अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकापासून पुढे पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते टप्प्याटप्प्याने आपल्याकडे आले. ‘बटाटा’, ‘काजू’, ‘अननस’, ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगिजांकडून मराठीत आले. आपल्या पूर्वजांपैकी कोणीतरी हा परका घास प्रथम धैर्याने तोंडात घातला, म्हणून आज आपल्याला साबुदाण्याची खिचडी मिळते.

परकेपणाचा दुसरा धडा भिलाईच्या मातीतच आहे. १९५५ साली झालेल्या करारानुसार सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात सोव्हिएत तज्ज्ञ येथे येऊन राहिले आणि भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. ज्याला आपण ‘परदेशातील विचित्र गोष्टी’ म्हणतो, त्या त्यांच्या दृष्टीने आपल्याकडेच होत्या. छत्तीसगडमध्ये रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी खाल्ला जाणारा बासी भात पाहुण्याला नवलाचा वाटणारच. आणि बस्तरची चापडा, म्हणजे लाल मुंग्यांची चटणी, तर याच राज्यातील असूनही आपल्यापैकी अनेकांना नाक मुरडायला लावते. शेजारच्या ओडिशातील सिमिलिपालच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा ‘परके’ हे अंतराने ठरत नाही, परिचयाच्या अभावाने ठरते.

मग समोर येईल ते सर्व खावे काय? मुळीच नाही. न खाणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे. तिरस्कार करणे हा मात्र कोणाचाच अधिकार नाही. या दोहोंतील भेद आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि थंडीच्या त्या देशात, प्रकृती साथ देत नसतानाही, त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. त्यांच्या या निर्णयाविषयी मतभेद असू शकतील. पण ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आश्रय दिला, त्या कुटुंबाशी त्यांचे नाते इतके जिव्हाळ्याचे होते की, १८८७ मधील त्यांच्या निधनानंतर त्यांच्या अस्थींना त्याच कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली. ताट वेगळे राहिले, मने वेगळी राहिली नाहीत.

अन्नापाशी आपण असे विनाकारण दूर सरतो. रानापाशी मात्र नेमके उलट घडते : तेथे आपण विनाकारण जवळ जातो. माकडाला फुटाणे, माशांना कणकेच्या गोळ्या देण्यात पुण्य मानणारा आपला हात परदेशातील उद्यानातही सहज पुढे होतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एकेकाळी प्रवासी अस्वलांना खाऊ देत असत. माणसाच्या अन्नाची चटक लागलेली अस्वले धीट झाली, माणसे जखमी होऊ लागली आणि त्यापायी अनेक अस्वलांना प्राण गमवावे लागले. १९७० पासून तेथे या प्रकाराला कठोरपणे पायबंद घालण्यात आला. आज तेथे अस्वलापासून सुमारे ९१ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. आपली भूतदया ही त्या प्राण्याच्या दृष्टीने दया असतेच असे नाही.

ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर पिशवीतील बियाणे, फळे, मिठाई यांची माहिती द्यावी लागते, तेव्हा अनेकांना तो अपमान वाटतो. त्यामागचे कारण ध्यानात घ्यावे. १८५९ साली तेथे शिकारीच्या हौसेपायी सोडलेल्या अवघ्या काही सशांच्या संततीने पुढे देशभर शेते व कुरणे उद्ध्वस्त केली. आपल्या अंगणातील साळुंकी १८६०च्या दशकात किडींच्या बंदोबस्तासाठी मेलबर्नला नेण्यात आली. आज ती तेथील मूळ पक्ष्यांची घरटी बळकावणारी उपद्रवी पाखरू ठरली आहे. उलट, शोभेसाठी परदेशातून आणलेली घाणेरी आपल्या जंगलांत माजली आहे. येथे लाडकी असलेली गोष्ट तेथे संकट ठरू शकते, हे साळुंकीकडून शिकावे.

ताटापाशी नको तितका संकोच आणि रानापाशी नको तितकी सलगी, या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे : परक्या मुलखालाही आपलेच माप लावण्याची सवय. म्हणून परदेशी जाणाऱ्याने अन्नाविषयी थोडे अधिक धीट आणि वन्यजीवांविषयी थोडे अधिक नम्र असावे. समोरचा पदार्थ कशाचा आहे, हे आदराने विचारावे. रुचला नाही, पचणारा नसला, तर हसतमुखाने नको म्हणावे. प्राणी दिसला तर थांबावे, पाहावे, पण हात आवरावा. या शिस्तीचा सराव करण्यासाठी पारपत्राची आवश्यकता नाही. वर्गातील शेजाऱ्याचा डबा उघडला जातो, तेथूनच त्याचा आरंभ होतो.