उकाड्याचं बिल राहणाऱ्याच्याच माथी का?

एप्रिलचं वीजबिल मे महिन्यात हातात पडलं की घरोघरी चौकशी सुरू होते. एसी कोणी लावला, किती वाजता लावला, पहाटे बंद का केला नाही? मोठी माणसं तरुणांना बोल लावतात, तरुण मीटरवर संशय घेतात आणि बचतीचे सल्ले देणारे दोघांनाही बटणं बंद करायला शिकवतात. बिल वाढलं ते घरात राहणाऱ्याच्या सवयींमुळे, यावर मात्र सगळ्यांचं एकमत असतं. मला हे मान्य नाही. उन्हाळ्यातल्या बिलाचा मोठा भाग त्या इमारतीचा नकाशा मंजूर झाला तेव्हाच ठरून गेलेला असतो. गच्चीच्या स्लॅबवर कसला थर दिला, पश्चिमेची भिंत कशाची बांधली, खिडकीवर छज्जा काढला की नाही, यांवर तो ठरतो. हे निर्णय घेणारा ते बिल कधीच भरत नाही. भरणारा वीस-तीस वर्षं भरत राहतो आणि वर उधळ्या म्हणून बोलणीही खातो.

ज्येष्ठांचा आक्षेप आधी घेऊ. ‘आमच्या वेळी कुठे होते एसी? आम्ही मोठे झालोच ना?’ झालात, पण कुठल्या घरात? सोलापूरकडे आणि मराठवाड्यात माळवदाची घरं होती, खानदेशात आणि विदर्भात धाब्याची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या आणि वर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या मातीतच मुरायचं. त्याची धग आत पोचेपर्यंत रात्र झालेली असायची आणि तोवर माणसं अंगणात बाजा टाकून नाहीतर माळवदावर अंथरुणं घालून झोपलेली असायची. कोकणात कौलारू छप्पर, त्याखाली माळा आणि चारी बाजूंनी पडवी. भिंतीला ऊन लागायचंच नाही. आज तेच आजोबा गच्चीखालच्या मजल्यावर साडेचारशे चौरस फुटांत राहतात. अंगण नाही आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप आहे. अकोला, चंद्रपूर, नागपूर इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि काही रात्री तो 30 च्या खालीही उतरत नाही. अशा रात्री म्हाताऱ्या माणसाला, रक्तदाबाच्या रुग्णाला, बाळंतिणीला गारवा मिळणं ही चैन नव्हे. जुन्या पिढीची सहनशक्ती मोठी होती हे खरं, पण त्या सहनशक्तीच्या पाठीशी जुनं घर उभं होतं. घर काढून घेतलं आणि सहनशक्ती तेवढी मागत बसलो, हा अन्याय आहे.

दुसरी तक्रार ‘मीटर पळतंय’ ही. सदोष मीटर असतात, तपासणीसाठी अर्ज करता येतो आणि शंका असेल तर तो करावाच. पण त्याआधी एक रात्र स्वतः मोजून पाहावी. झोपताना दहा वाजता मीटरवरचा युनिटांचा आकडा लिहून ठेवावा, सकाळी सहाला पुन्हा पाहावा. तापलेल्या खोलीत दीड टनाचा एसी आठ तास चालला तर आठ-नऊ युनिटं सहज खर्ची पडतात, म्हणजे महिन्याला अडीचशे. एरवी 120 युनिटं लागणारं घर 370 वर जातं. महावितरणच्या घरगुती दरांना 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे आहेत. शंभरच्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो, तीनशेच्या पुढे पहिल्या टप्प्याच्या अडीच पटींच्या आसपास जातो आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क लागतं. म्हणून वापर तिप्पट झाला की बिल चौपटीवर जातं आणि माणसाला वाटतं मीटरच बिघडलं. याच टप्प्यांचा फायदा उलट बाजूनेही असतो. वाचवलेलं प्रत्येक युनिट आधी सगळ्यात महाग टप्प्यातून वजा होतं. उन्हाळ्यात साठ युनिटं वाचली तर ती शंभराच्या आतल्या स्वस्त युनिटांमधली नसतात.

आता यंत्राचा सल्ला देणारे. ‘पाच तारे बघून घ्या आणि 24 वर ठेवा.’ दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकन योजना 2006 पासून चालू आहे आणि तिने ग्राहकाचं भलंच केलं. ब्युरोच्या हिशेबाने एसीचं तापमान एका अंशाने वर नेलं की साधारण 6 टक्के वीज वाचते, म्हणून जानेवारी 2020 पासून तारांकित एसी सुरू होतानाच 24 वर सुरू होतात. ‘18 वर ठेवलं की खोली लवकर गार होते’ हा समजही चुकीचा आहे. खोली तापलेली असताना कॉम्प्रेसर दोन्ही वेळा जोरातच चालतो. फरक इतकाच, की 24 ला पोचल्यावर तो थांबतो किंवा मंदावतो, 18 ची वाट पाहताना थांबायचं नावच घेत नाही. पण हा सल्ला गच्चीखालच्या माणसाला लागू का पडत नाही, ते सल्ला देणाऱ्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

रात्री नऊला वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावून पाहा. बाहेर सूर्य मावळून दोन तास उलटलेले असतात आणि प्लॅस्टर हाताला अजून गरम लागतं. पाच-सहा इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दुपारी गच्चीवर साठ अंशांपर्यंत तापतो, ती उष्णता आत उतरायला काही तास घेतो आणि बरोबर माणसं घरी परतून जेवायला बसतात तेव्हा ती खाली सोडू लागतो. बारा बाय बाराच्या खोलीवरचा उघडा स्लॅब भर उन्हाच्या जोरात साधारण दीड किलोवॅट उष्णता आत घेतो. म्हणजे छताला दीड किलोवॅटचा हीटर टांगायचा आणि खाली एसी लावून त्याच्याशी झुंजायचं, असा हा प्रकार आहे. शिवाय अंगाला फक्त हवेचं तापमान जाणवत नाही. आजूबाजूचे पृष्ठभागही आपल्यावर उष्णता फेकत असतात. हवा 24 अंशांवर आली तरी डोक्यावरचं छत चाळिशीच्या जवळ असेल तर झळ लागतच राहते आणि हात रिमोटकडे जातो. त्या माणसाने 18 चा आकडा लावला तो अविचाराने नव्हे. त्याला छताने तिथे नेलं. तारे सांगतात ते एवढंच की एक युनिट विजेत यंत्र किती उष्णता बाहेर काढतं. किती उष्णता काढावी लागणार हे त्या पट्टीवर कुठेही छापलेलं नसतं, कारण ते इमारत ठरवते.

म्हणून माझा आग्रह असा, की पैसे खर्च करायचे तर पहिला रुपया गच्चीवर, दुसरा खिडकीच्या बाहेर, तिसरा पंख्यावर आणि उरला तर एसीवर. सध्या नेमकं उलट चालतं.

गच्चीचं काम अवघड नाही. चुना, त्यात पकड धरण्यापुरता गोंद, आणि होळीनंतर एका सकाळी मारलेले दोन हात. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत पाठवतो आणि स्लॅब मुळात कमी तापतो. जास्त टिकाऊ हवं असेल तर उष्णतारोधक पांढरा रंग किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक, जे आपल्याकडे गळती थांबवण्यासाठी कित्येक सोसायट्या करतातच. रंग मात्र पांढरा निवडावा. लाल किंवा गडद हिरव्या रंगाने गळती थांबते, ताप थांबत नाही. सोसायटीच्या बैठकीत यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे धूळ बसते, शेवाळ धरतं, दरवर्षी कोण करणार. धूळ बसते हे खरं आहे, पांढरेपणा कमी होतो हेही खरं. म्हणून एप्रिलमध्ये एकदा गच्ची धुवायची आणि चुना असेल तर दरवर्षी पुन्हा लावायचा. पाण्याची टाकी दरवर्षी साफ होते, तर गच्ची का नाही? ‘फायदा फक्त वरच्या मजल्याला, खर्च सगळ्यांनी का?’ हा प्रश्न जास्त बोचरा आहे. लिफ्ट तळमजल्याचा माणूस वापरत नाही, तरी तिच्या दुरुस्तीत त्याचा वाटा असतो. छत ही सामाईक मालमत्ता आहे आणि ते कोणाच्या तरी डोक्यावर असणारच.

हे प्रयोगाच्या पातळीवरचं बोलणं नव्हे. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादने फार माणसं गमावली. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा आणला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं चुन्याने पांढरी करायची मोहीम हाती घेतली. पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्यांना तिथे सगळ्यात आधी आराम मिळाला, आणि त्यातल्या बहुतेकांकडे एसी नव्हता. तेलंगणाने 2023 मध्ये शीत छपरांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. विदर्भाला लागून असलेल्या राज्याला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये?

मधल्या मजल्यांचं दुखणं वेगळं. तिथे दोषी पश्चिमेची काच आणि भिंत. काचेतून आलेलं ऊन फरशी-फर्निचर तापवतं आणि ती उष्णता मग काचेतून सहजी बाहेर जात नाही. आतून जाड पडदा लावून फारसं साधत नाही, कारण ऊन तोवर घरात आलेलं असतं. ते बाहेरच अडवावं लागतं: छज्जा, बांबूची चिक, काहीच नाही तर खिडकीच्या ग्रिलला बाहेरून बांधलेली हिरवी शेडनेट. भाड्याच्या घरातही एवढं करता येतं. भिंतींचं म्हणाल तर आता उंच इमारतींत मायवान पद्धतीने विटांऐवजी काँक्रीटच्याच पातळ भिंती ओततात. काम झपाट्याने उरकतं, पण अशी भिंत नऊ इंची विटांच्या भिंतीहून बरीच जास्त उष्णता आत घेते. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकची भिंत त्याहून कितीतरी कमी. आणखी एक गोष्ट कोणी पाहत नाही. एसीची बाहेरची युनिटं अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवलेली असतात. खालच्याने फेकलेली गरम हवा वरच्याच्या तोंडी जाते आणि पाच ताऱ्यांचं यंत्र तिथे धापा टाकतं. हा राहणाऱ्याचा निष्काळजीपणा आहे का?

‘सोलर बसवा, विषय संपला’ असंही हल्ली ऐकू येतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 2024 पासून तीन किलोवॅटला 78,000 रुपयांचं अनुदान आहे. ज्याचं स्वतःचं छत आहे त्याने ते जरूर घ्यावं, पॅनलची सावली स्लॅबवर पडते तो वेगळा लाभ. पण चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत प्रत्येकाच्या वाट्याला गच्ची येते किती? आणि भाडेकरूच्या वाट्याला? उष्णता आत घेत राहायची आणि ती बाहेर काढायला वीज तयार करत राहायची, यापेक्षा आधी तिची वाट बंद करणं स्वस्त पडतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी कूलरचं थोडं सांगतो, कारण शहरी सल्ल्यांत त्याला गरिबाचा एसी म्हणून बाजूला सारतात. कोरड्या हवेत कूलर हे अव्वल यंत्र आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषतं, पंखा आणि पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास वीज लागते. एसीच्या मानाने ती फारच थोडी. बिघडतं ते वापरात. कूलर खोलीत ठेवून दारं-खिडक्या बंद केल्या की तासाभरात दमट कोंडी होते. कूलर खिडकीच्या बाहेर हवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, म्हणजे ओली हवा निघून जाते. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या दर मोसमात बदलाव्यात. मुंबईत, कोकणात हे यंत्र कामाचं नाही. तिथली हवा आधीच ओली.

राहणाऱ्याने करायचं ते इथे संपतं. उरलेलं त्याच्या हातात नाही, आणि खरी लढाई तिथेच आहे. केंद्राने डिसेंबर 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी तिने दोन नेमके आकडे घालून दिले: आपल्या हवामानात भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत, आणि छतातून वाहणारी उष्णता आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे दर चौरस मीटरला 1.2 वॅटच्या आत. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचा हा दुसरा आकडा त्याच्या तिपटीच्या आसपास असतो. पण राज्य आणि महापालिका बांधकाम परवानगीला जोडत नाहीत तोवर अशा संहितेला दात येत नाहीत. बिल्डर म्हणतात की यामुळे घर महाग होईल. छतावरचा रोधक थर, छज्जा, ब्लॉकची भिंत यांचा खर्च काही थोडका नाही म्हणा, पण तो एकदाच होतो. आणि खर्चच वाचवायचा असता तर प्रवेशद्वाराच्या दुमजली लॉबीला इटालियन संगमरवर लागला नसता. घेणाऱ्याकडून पैसे घेतलेच जातात; ते कशावर खर्च होतात हे त्याला विचारलं जात नाही.

घराच्या विक्री करारनाम्यात कार्पेट एरिया लिहावाच लागतो, फरशी कुठल्या कंपनीची, नळ कुठल्या कंपनीचे, हेही लिहितात. त्याच पानावर भिंतींचा आणि छताचा हे दोन आकडे लिहिणं सक्तीचं करावं. भोगवटा प्रमाणपत्र देताना अग्निशमनाची व्यवस्था जशी पाहिली जाते, तसे ते महापालिकेच्या अभियंत्याने तपासावेत. वरच्या मजल्याचा फ्लॅट विकताना आकडा वेगळा निघेल, पश्चिमेच्या फ्लॅटचा आणखी वेगळा, आणि किमतीही त्याप्रमाणे खाली-वर होतील. तशा त्या झाल्याच पाहिजेत. आज पश्चिमेचा, गच्चीखालचा फ्लॅट ‘सूर्यास्ताचं दृश्य’ म्हणून चार पैसे जास्त घेऊन विकला जातो आणि घेणाऱ्याला पहिल्या मे महिन्यापर्यंत काहीच कळत नाही.