हातोडा बोलू लागला तर?

"आई, हातोड्याला काय हवं असेल गं?"

रविवारची सकाळ. मी पोह्यांना फोडणी घालत होते आणि लेक कागद-पेन्सिल घेऊन ओट्याला टेकून उभी. म्हटलं, "हातोड्याला? खिळा हवा असेल!" ती काही हसली नाही. "तसला नाही गं, लोहाराचा. जादूचा आहे. त्याला मन आहे."

तुमच्याही घरात असं एखादं कॉलेजात जाणारं कन्यारत्न असेल, तर वेगळं सांगायला नको. आमचं रत्न दर रविवारी मैत्रिणीच्या माडीवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला जातं. तीन मुली, दोन मुलगे. पहिले काही महिने मी नाकच मुरडलं. चार-चार तास बसायचं, पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही की हरत नाही. मग खेळ कसला? आणि शेजारच्या काकूंच्या नजरेचाही धाक होताच, खोटं कशाला बोलू?

खेळ अमेरिकेतला, १९७४ सालचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी डोंगराच्या पोटात राहणारा बुटका लोहार. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आपण भातुकलीत "तू आई, मी पाहुणी" म्हणायचो ना, त्याला नियमांची जाडजूड पुस्तकं जोडली की झालं.

या पुस्तकांत मन असलेल्या वस्तूंसाठी वेगळे नियम आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. तलवार असो नाहीतर हातोडा, त्याची बुद्धी किती, शहाणपण किती, समोरच्यावर छाप पाडायची ताकद किती, याचे आकडे लिहायचे. तो उघड बोलतो की मनात कुजबुजतो? त्याला दिसतं का, ऐकू येतं का? आणि मुख्य म्हणजे त्याला हवंय काय? मालक त्याच्या मनाविरुद्ध वागला तर तो चक्क रुसतो. आपले गुण आवरून धरतो, नाहीतर मालकाचाच ताबा घेऊ पाहतो!

नमुना म्हणून लेकीने मला 'व्हेल्म' नावाचा हातोडा दाखवला. १९७९ सालच्या 'व्हाइट प्लूम माउंटन' नावाच्या मोहिमेतला हा लढाईचा हातोडा, बुटक्यांनी घडवलेला. २०१७ च्या पुस्तकात त्याचा स्वभावच दिलाय. लढताना तो बुटक्यांच्या भाषेत आरोळ्या ठोकतो, राक्षसांचा तर हाडवैरी. पण मी अडकले ते वेगळ्याच दोन गोष्टींत. एक म्हणजे, ज्या घराण्याने त्याला घडवलं तिथे परत जायची त्याला ओढ आहे. मी म्हटलं, अगं, हे तर माहेर! आणि दुसरं, तो ज्याच्या हाती असेल त्याला उघड्यावर जायची भीती जडते. दिवसाचं आकाश दिसलं की त्याचं कशातच धड चालत नाही. अवजार हातात घेतलं की पाठोपाठ उंबरठा आलाच! लिहिणाऱ्याच्या डोक्यात यातलं काही नसणार. पण मी बाईमाणूस, मला हेच दिसणार.

लेकीचा हातोडा मात्र लढाईचा नव्हता, ऐरणीवरचा होता. कागदावर लिहिलेलं : कधी थकत नाही, एका रात्रीत तलवार घडवतो. 'हवं काय?' हा रकाना कोरा.

माझी आई हल्ली आमच्याकडेच असते. लसूण सोलता सोलता ती हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "हातोडी बोलायचीच की."

माझं माहेर लोहाराचं. दारात भाता, भट्टी, ऐरण. वडील सांडशीत लाल लोखंड धरून बसायचे, उजव्या हातात लहान हातोडी. समोर उभी राहून आई घण मारायची. तोंडानं बोलायला फुरसत नसते. वडिलांची हातोडी जिथं टक् करायची, तिथं आईचा घण पडायचा. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. लोखंड नारिंगी-पिवळं असेतो वळतं. काळवंडलं की पुन्हा भट्टीत. आपण एखाद्याला 'घिसाडघाई' म्हणून हिणवतो ना, ती घाई अडाण्याची नसते बरं का. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाडी बायकांचे घण एकदा थांबून बघा. एक घाव वाया जात नाही.

"हातोडी सांगायची, घण ऐकायचा," आई म्हणाली. "घणाला कुठं तोंड होतं?"

लेकीची पेन्सिल थांबली. "आजी, घण बोलला असता तर काय म्हणाला असता?"

"जरा दम खाऊ दे म्हणाला असता. तुझी आई पोटात होती, तवा तरी म्हणाला असता."

हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'लोहारकाम' आणि आईचा 'घरकाम', असं मी स्वतःच्या हाताने, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे. सुगीला बलुत्याचं धान्य यायचं, तेही वडिलांच्या नावानं. ते भले होते, त्यांना बोल लावत नाही. दसऱ्याला आम्ही घणाला हळदकुंकू वाहायचो, झेंडूची माळ घालायचो. माळ आईनंच ओवलेली असायची. घणाला काय हवं, किंवा घण उचलणारीला काय हवं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून मुलांच्या असल्या खेळांना 'टाइमपास' म्हणून उडवून लावणं मला आता पटत नाही. आमच्या घरात इतक्या वर्षांत न निघालेला विषय एका कोऱ्या रकान्यामुळे निघाला. अभ्यास बुडतो ही तक्रार खरी, त्यासाठी वेळ बांधून द्या, मी दिलाय. पण काय खेळता, कसं खेळता, एवढं तरी जवळ बसवून विचारा. आपण विचारतो ते फक्त "कोण कोण असतं?"

लेकीने मग हातोडा बदलला. आता तो जोडीनं येतो, एक हातोडी आणि एक घण. दोन माणसं लागतात, आणि घणवाला 'थांब' म्हणाला की हातोडीला थांबावंच लागतं. गोष्ट सांगणाऱ्या मित्राने हरकत घेतली. म्हणे अशी जादूची वस्तू एका वेळी एकाचीच होते, नियम आहे. पोरगी तणतणत घरी आली. खरं सांगते, माझं मत आधी त्या मुलाकडेच झुकलं. नियम तो नियम! पण गोष्ट सांगणाऱ्याने गरजेप्रमाणे नियम बदलावेत, असं ती पुस्तकंच सांगतात म्हणे. मग बदला की! दोन रविवार वाद चालला. शेवटी 'एकदा खेळून बघू' एवढ्यावर गाडी आली.

परवा निघताना तिने चपला घालता घालता विचारलं, "आजी, घण केवढा होता गं? वजन लिहायचंय."

आईला किलोत सांगता येईना. तिने दोन्ही हात पुढे केले, अंदाज घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ही सहा महिन्यांची होती, तेवढा."

लेकीने कागदावर लिहिलं, सात किलो.