बढतीचा पेपर आणि पेशंटचा प्रश्न

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक ठाण्यात घोडबंदर रोडवर, जिथे उंच टॉवर आणि खासगी हॉस्पिटलांच्या पाट्या एकमेकींशी स्पर्धा करतात. दुसरा डोंबिवलीत, कल्याण-शीळ रस्त्याला लागून, एमआयडीसीच्या धुराच्या टप्प्यात. या दोन मानपाड्यांच्या मधे कळवा, मुंब्रा आणि दिवा येतात. खाडी ओलांडली की भिवंडी. लाखो माणसं, त्यात आपली माणसं मोठ्या संख्येने. टीबी, डेंग्यू, गोवर, रसायनांचा वास, अडलेली बाळंतपणं या पट्ट्याला नवीन नाहीत. एखाद्या वैद्यकीय प्राध्यापकाला संशोधनासाठी विषय हवा असेल तर त्याला लांब जायला नको, रिक्षाने फिरलं तरी पुरे.

तरीही आपल्या देशात वैद्यकीय प्राध्यापकाचं संशोधन बहुतेक वेळा रिक्षाच्या वाटेने येत नाही. ते नियमावलीच्या वाटेने येतं. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर दोन शोधनिबंध, प्राध्यापक व्हायचं तर चार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत हेच आकडे होते आणि त्याआधीच्या मेडिकल कौन्सिलच्या काळातही हिशोब असाच होता. निबंध कशावर आहे, त्याने कुणाचं काय भलं झालं, हा प्रश्न या मोजणीत कुठेच नाही. मान्य यादीत बसणाऱ्या नियतकालिकात छापून आला आणि नाव योग्य क्रमांकावर आहे, एवढं झालं की फाईल पुढे सरकते.

माझं म्हणणं सरळ आहे. ही मोजणी बंद झाली पाहिजे. तिने संशोधन वाढवलं नाही, कागद वाढवला. आणि त्याची किंमत कळवा-मुंब्र्याच्या पेशंटने भरली.

आधी कागदाचा इतिहास पाहू. २०१५ साली मेडिकल कौन्सिलने एक परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं, फक्त पहिल्या आणि दुसऱ्या लेखकाचंच नाव धरलं जाईल. फक्त इंटरनेटवर निघणारी नियतकालिकं चालणार नाहीत, पण इंडेक्स कोपर्निकससारख्या कच्च्या यादीतली चालतील. म्हणजे घराला कुलूप लावलं आणि मागचं दार उघडं ठेवलं. भारतातल्या अनेक वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन या परिपत्रकावर टीका केली, फेरविचार करा म्हणून लिहिलं. कौन्सिलला यादी सुधारायला २०२० उजाडलं. मधल्या पाच वर्षांत किती जणांच्या बढत्या कोणत्या कागदावर झाल्या, ते त्या त्या महाविद्यालयांच्या कपाटांना ठाऊक.

त्या काळात कागदाचं दुकान किती फोफावलं होतं? २०१५ सालीच 'बीएमसी मेडिसिन'मध्ये शेन आणि ब्योर्क या दोन अभ्यासकांचा अंदाज छापून आला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले लेख २०१० मध्ये सुमारे ५३ हजार होते, ते २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजारांवर गेले. प्रकाशकांपैकी सुमारे २७ टक्के भारतातले आणि लेखकांपैकी साधारण ३५ टक्के भारतीय. हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ साली खटला भरला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाची 'मान्यताप्राप्त' यादी तपासली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढून टाकली.

दुसरीकडे खऱ्या संशोधनाची अवस्था बघा. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतलं भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं काम मोजलं. त्यातल्या ३३२ संस्थांतून दहा वर्षांत एकही शोधनिबंध निघालेला नव्हता. निम्म्याहून जास्त संस्था, आणि हिशोब शून्य! हे आकडे ऐकले की अधिकारी म्हणतात, म्हणूनच तर सक्ती हवी. मला उलट दिसतं. जिथे ग्रंथालय नाही, संख्याशास्त्र जाणणारा माणूस नाही, संशोधनाला वेगळा वेळ नाही, तिथे सक्ती केली की माणूस अभ्यास करत नाही, पेपर विकत घेतो. आज मोबाईलवर उघड जाहिराती फिरतात: पहिल्या लेखकाचा भाव अमुक, दुसऱ्याचा तमुक. बोहरी आळीत खिळे-स्क्रू मिळावेत तसं नाव मिळतं.

आता यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. तो बाहेरच्यांचा नाही, आपल्याच लोकांचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. आपल्यातले शिकलेले तरुण डॉक्टर म्हणतात, "आकडा तरी निदान आंधळा असतो. तो आडनाव विचारत नाही. आकडा काढून टाकला की मुलाखत राहते, आणि मुलाखतीत वशिला. शेख, अन्सारी, कांबळे यांना तिथे कोण उभं करणार?"

ही भीती खोटी नाही. पण आकडा खरंच आंधळा आहे का ते तपासा. पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? अनेकदा विभागप्रमुखाचं. ज्या निवासी डॉक्टरने रात्री जागून केसपेपर चाळले, तिचं नाव चौथं किंवा पाचवं, म्हणजे हिशोबात नाहीच. नामांकित परदेशी नियतकालिकांत लेख सर्वांसाठी खुला ठेवायचा तर अनेक ठिकाणी दोन-तीन हजार डॉलर मोजावे लागतात. ते कोण भरतं? ज्याच्या पाठीशी संस्था आहे किंवा घरी पैसा आहे, तो. ज्याच्याकडे गॉडफादर नाही आणि पैसाही नाही, त्याला आकड्याने कधी वाचवलं? त्याला आकड्याने दुकानाच्या दारात नेऊन उभं केलं. आणि उद्या चौकशी झालीच, तर पहिला पकडला जाणार तोच. वशिला आकड्यामागे लपतो, इतकाच काय तो फरक.

मग संशोधन कसं असतं? महाराष्ट्रात त्याची उदाहरणं आहेत आणि ती मोजणीतून जन्मलेली नाहीत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होती. कोकणातल्या प्रत्येक घराला, हिंदू असो की मुसलमान, हा विंचू माहीत आहे. बावस्करांनी खाटेशेजारी बसून लक्षणं लिहून काढली आणि विष हृदयावर कसं चढतं ते पाहिलं. रक्तदाबाचं प्रॅझोसिन हे औषध वेळेत दिलं तर माणूस वाचतो, हे त्यांनी दाखवलं. लंडनच्या 'लॅन्सेट'ने १९८२ आणि १९८६ साली ते छापलं. गंभीर रुग्णांमधलं मरणाचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आलं. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी प्रतिविष आणि प्रॅझोसिन एकत्र देऊन तुलना केली, ती २०११ मध्ये 'बीएमजे'त आली. हे सगळं कुठल्या बढतीसाठी?

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी खेड्यातल्या बायकांचे आजार तपासले. जे दुखणं बाई नवऱ्यालाही सांगत नाही, ते १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जगासमोर आलं. मग त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये तेही 'लॅन्सेट'ने छापलं. आज आपल्या मोहल्ल्यात आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन करते, त्यामागे हे काम आहे. नियमाच्या तराजूत मात्र यातला एक पेपर आणि यादीत कसाबसा बसलेला एखादा भुक्कड पेपर यांचं वजन सारखंच. दोघांना एकेकच गुण.

आता पुन्हा आपल्या पट्ट्यात या. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. हे ठाणे महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. चौकशी समिती नेमली गेली, मंत्री आले, बातम्या झाल्या. पण खरा प्रश्न चौकशीपेक्षा मोठा आहे. शहापूर-मुरबाडचा, मुंब्र्याचा पेशंट कळव्याला पोचतो तेव्हा आजार सुरू होऊन किती दिवस झालेले असतात? आधी तो कुठे कुठे गेलेला असतो, किती पैसे घालवून बसतो, कुणी त्याला परत पाठवलेलं असतं? असा अभ्यास वर्षभर नोंदी ठेवून कुणा प्राध्यापकाने केला, त्याप्रमाणे रुग्णालयाच्या कामात एक बदल घडवला, आणि तो कुठेच छापला नाही, तर सध्याच्या नियमात त्याला शून्य गुण मिळतील.

२०२२ च्या हिवाळ्यात गोवर उसळला. गोवंडी, भिवंडी, मालेगाव. तीनही नावं ऐकून बाहेरच्यांनी लगेच निदान केलं, 'हे लोक लस घेत नाहीत.' कोविडच्या काळात चुकलेले डोस कधी भरून काढले? यंत्रमागावर बारा तास घालवणाऱ्या घरात केंद्राची वेळ कुणाला जमते? भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या कुटुंबाची नोंद कोणत्या वहीत राहते? की खरंच अफवेचा हात होता? उत्तर काहीही निघो, ते शोधून काढायला हवं. नाहीतर निदान पूर्वग्रहच करतो, आणि त्याची शिक्षा आपल्या लेकरांना होते.

डोंबिवलीच्या मानपाड्याकडे २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत. मधे २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. स्फोटात मेलेल्यांची मोजदाद होते. रोजच्या हवेने ज्यांची छाती भरते, त्यांची कोण करतं? अंबरनाथला २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या शिक्षकांना याच दोन-चार पेपरांच्या शर्यतीला जुंपणार, की डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांभोवतीच्या श्वासाची वीस वर्षं चालणारी नोंदवही उघडायला सांगणार? वीस वर्षांची वही बढतीच्या चार वर्षांत बसत नाही, हीच तर गोम आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, आकडा काढा आणि त्या जागी काम ठेवा. शिक्षकाने आपलं एकच सर्वोत्तम काम मांडावं. ते शोधनिबंध असेल, साथीचा अहवाल असेल, वॉर्डातल्या चुकांची तपासणी असेल. निकष आधी जाहीर करा, परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातले नेमा, गुण आणि कारणं संकेतस्थळावर टाका. वशिल्यावर औषध उजेड आहे, आकडा नाही. चीनने २०२० मध्ये निव्वळ पेपर मोजून बढती आणि बक्षिसं देण्यावर बंधनं आणली. पेपरांच्या बाजारात अख्खं जग पालथं घातलेल्या देशाला हे कळलं, आपल्याला का कळू नये?

दुसरी, शिक्षकाच्या खिशातून छपाईचा पैसा जाऊ देऊ नका. मुंबईत केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या अध्यापकांनी १९५५ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' सुरू केलं. १९९३ पासून वैद्यकीय नीतिशास्त्राचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' इथूनच निघतं. लेखकाकडून पैसे न घेता चांगलं नियतकालिक चालवता येतं, हे या शहराने दाखवून दिलेलं आहे. सरकारने अशांना बळ द्यावं.

तिसरी मागणी संमतीपत्रावर अंगठा उठवणाऱ्यासाठी. ज्याच्या रक्तावर, थुंकीवर, केसपेपरवर पेपर उभा राहतो, त्याला निकाल त्याच्या भाषेत कळला पाहिजे. ओपीडीच्या भिंतीवर मराठीत, उर्दूत एक पान लावा: तुमच्यावर हा अभ्यास झाला, त्यातून हे कळलं, आम्ही हे बदललं. तिसरं वाक्य लिहिता येत नसेल, तर अभ्यास कशासाठी केला होता?

आणि थोडं आपल्या ट्रस्टवाल्यांशी, जमातवाल्यांशी. जलशांमधून आपण अल-राझीचं नाव घेतो. अकराशे वर्षांपूर्वी त्याने देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखायचे त्यावर किताब लिहिली, हे अभिमानाने सांगतो. अभिमान ठीक आहे. पण राझी मोठा झाला तो पेशंटजवळ बसून. भिवंडीत गोवर आला तेव्हा आपल्यापैकी कुणी घरोघरची यादी केली? आपण मुलांच्या मेडिकलच्या फीसाठी जकातीतून मदत देतो, फार चांगलं करतो. त्याच मुलाला डॉक्टर झाल्यावर एक वर्ष पगार देऊन म्हणा, मुंब्र्यात बैस, लेकरं कशाने आजारी पडतात ते लिहून आण. तो अहवाल महापालिकेच्या टेबलावर ठेवा आणि उत्तर मागा. त्याने एखाद्याची बढती होईल न होईल. पण पुढच्या वेळी 'हे लोक लस घेत नाहीत' असं कुणी म्हणालं, तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे वही असेल.