आधी भिंत, मग फिरोजी रंग

शादी ठरली किंवा ईद जवळ आली, की अमरावती-अकोल्याच्या घरांत रंगाची चर्चा सुरू होते. मुलींना भडक फिरोजी हवा असतो, घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "डोळ्यांत खुपतो." माझं मत मुलींच्या बाजूने आहे, पण एका अटीवर.

हा रंग आपल्याला नवा नाही. वऱ्हाड बहामनी राज्यात होता, तेव्हा त्या राज्याचे वजीर महमूद गावान यांनी १४७२ मध्ये बीदरला मदरसा बांधला. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या निळ्या-हिरव्या चकचकीत फरशा थोड्या आजही शिल्लक आहेत. साध्या दगडाशेजारी त्या खुलून दिसतात. घरातही तेच करा. एकच भिंत फिरोजी, बाकीच्या पांढऱ्या किंवा फिक्या. दहा बाय दहाच्या भिंतीला लिटर-दोन लिटर रंग पुरतो.

आता अट. रंग निवडण्याआधी भिंत तपासा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूरकडच्या भगिनींना बोअरचं खारं पाणी माहीत आहेच. याच पाण्यात गिलावा कालवला, त्यावर तेच पाणी मारलं, तर मीठ भिंतीत मुरतं. जमिनीची ओलही ते वर चढवते. ओल सुकते, पण मीठ मागे राहतं. त्याचे खडे रंगाखाली फुगतात आणि रंग पोपड्यांनी गळतो. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. फिक्या भिंतीवर पोपडा लपतो, फिरोजीवर तो दुरून दिसतो.

लोणा लागलेल्या भिंतीवर महागातला प्लास्टिक पेंट मारून उपयोग नाही. ओल आत कोंडते आणि रंग लवकर सुटतो. आधी ओल कुठून येते ते शोधा: गळका नळ, न्हाणीघर, की पाया. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुऊ नका, पाण्याबरोबर मीठ पुन्हा आत जातं. खराब गिलावा काढून गोड्या पाण्यात कालवलेला नवा लावा आणि महिनाभर वाळू द्या. या कामाला आपला कडक उन्हाळाच बरा. तेवढा खर्च झेपत नसेल, तर त्या भिंतीला चुना द्या. चुन्यातून ओल बाहेर पडते. फिरोजीसाठी दुसरी कोरडी भिंत निवडा.

एक काळजी लेकरांसाठी. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिशाला बंदी आहे, पण दारं-खिडक्यांवरचे थर त्याआधीचे असतात. ते कोरडे घासू नका, ओले करून घासा. लेकरं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नकोत.

पाहुण्यांना गिलावा दिसत नाही, रंग दिसतो. म्हणून आपण गिलाव्याचे पैसे वाचवतो आणि रंगावर उधळतो. पुढच्या ईदला तोच रंग झाडून केरात टाकावा लागतो. इसराफ म्हणतात तो हाच. येणाऱ्या सुनेसाठी खोली सजवताना तिची आवड जरूर विचारा, पण त्याआधी भिंतीवरून एकदा हात फिरवा. हाताला पांढरी पूड लागली, तर गवंड्याला आधी बोलवा आणि रंगाऱ्याला नंतर.