बनी इस्राईलचा इतिहास आपणही लिहावा

ईदला ब्रह्मपुरीला गेलो, तेव्हा मामूंच्या घरी एकच विषय चालू होता. मामेबहीण इतिहासात एम.ए. झाली आहे. आता तिला कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांवर पीएच.डी. करायची आहे. मामू मला म्हणाले, "गाझात काय चाललंय ते दिसत नाही का हिला? तू इंजिनिअर आहेस, तूच समजाव."

पण मला तिचंच पटलं.

पहिली गोष्ट, हा विषय परका नाही. कुरआनाच्या सतराव्या सूरहचं एक नाव 'बनी इस्राईल' आहे. त्याच नावाचा समाज शतकानुशतकं रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवत होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं दिवेकर, पेणकर, राजपूरकर. घरची भाषा मराठी. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. सणाच्या रात्री वाचायचा 'हग्गादा' १८४६ साली मुंबईत मराठीसह छापला गेला. म्हणजे या इतिहासाची कागदपत्रं आपल्याच भाषेत आहेत. परदेशी संशोधकाला त्यासाठी आधी मराठी शिकावी लागते. आपल्याला ती आयती आली आहे.

शिवाय मकतबात अरबी वाचायला शिकलेल्या मुलीला हिब्रू तेवढी अनोळखी वाटत नाही. सलाम-शालोम, यौम-योम, बैत-बेत. यहुद्यांचा मोठा तत्त्वज्ञ मूसा बिन मैमून याने आपला प्रसिद्ध ग्रंथ अरबीतच लिहिला, फक्त लिपी हिब्रू वापरली.

ख्रिस्ती इतिहासासाठी तर कोकणातही जायला नको. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. त्यांनी गोंडांविषयी केलेली टिपणं, लिंगोच्या गीतासह, त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापली गेली. आमच्या शेजारच्या गडचिरोलीतल्या लोकांचा इतिहास लिहायलाही ती लागतात.

दुसरी गोष्ट, किस्सा आणि इतिहास यांतला फरक. बेने इस्राएल समाजात सांगतात की सॅम्युएल दिवेकर टिपू सुलतानच्या कैदेत होते. हे 'बनी इस्राईल' आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने त्यांचे प्राण वाचवले. पुढे १७९६ साली दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधलं. आईची गोष्ट ऐकून आपल्याला आनंद होतो. पण ती प्रथम कोणी लिहिली, कधी, कोणासाठी? जुना कोड हाती आला की आम्ही हेच प्रश्न विचारतो. पीएच.डी.त हे विचारायची शिस्त लागते. उलट निष्कर्ष निघाला तर तोही मान्य करावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'यहुदी कारस्थाना'च्या मेसेजला हे प्रश्न आपण विचारतो का?

राहिला मामूंचा प्रश्न. गाझातली चित्रं पाहून मन पेटतं, पेटलंच पाहिजे. पण तिथल्या सरकारचा हिशेब अलिबागच्या म्हाताऱ्या तेल्याच्या नावावर मांडणं हा इन्साफ नाही. 'सगळे मुसलमान सारखे' हे वाक्य आपण रोज ऐकतो. ते किती बोचतं हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळणार? आणि ही वाट आधी कोणी चाललंच नाही असंही नाही. नवरस जाट आफ्रिदी यांनी लखनऊ विद्यापीठातून भारतीय यहुद्यांवर पीएच.डी. केली. ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी विद्यापीठात इतिहास शिकवतात.

अडचण खरी आहे ती पैशाची. मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. नेट देऊन जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, पण ती थोड्यांनाच मिळते. बाकीच्यांनी काय करायचं? माझ्यासारखे पुण्या-बंगळुरूत पगार घेणारे आपल्यात आता कमी नाहीत. शादीच्या एका दावतीच्या खर्चात एका मुलीची हिब्रूची फी, मुंबईतली खोली आणि वर्षभराचा प्रवास निघेल. जमातीत डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांना आपण मदत करतो. इतिहास लिहिणाऱ्यांना का नाही?

मामू अजून राजी नाहीत. "शादी कधी करणार ही?" हा त्यांचा पुढचा प्रश्न आहे. मी एवढंच म्हणालो, "मामू, दोन वर्षं द्या. पहिल्या वर्षाचा खर्च माझा." दुसऱ्या वर्षाचा कोण उचलतंय?